भित्रीजवळ कुणीतरी बसावं लागतं

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मांजराच्या वाटीजवळ बसले होते. संध्याकाळचे सात वाजले असतील. नांदेडहून एसटीनं आले होते, पिशवी दारातच टाकली होती, तोंडावर पाणीसुद्धा मारलं नव्हतं, कारण भित्री दोन दिवसांची उपाशी असणार असं मी धरूनच चालले होते. शिळी भाकरी दुधात चुरली, वाटी ठेवली आणि नेमाप्रमाणे हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसले. भित्रीनं वाटीत तोंड घातलं आणि फोन वाजला. आमचा मुलगा संतोष बोलत होता, नांदेडच्या दवाखान्यातून. "आई, बाबा..." एवढंच म्हणाला, पुढं त्याच्यानं बोलवेना. मला सगळं कळलं. आणि तरी मी त्याला काय म्हणाले असेन? म्हणाले, "थांब, हिचं होऊ दे." देवाशपथ सांगते. नवरा गेल्याचं कानावर पडलं आणि मी म्हणाले, मांजराचं जेवण होऊ दे.

त्याला आता सात आठवडे झाले. लोक भेटायला येतात, चहा घेतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग विचारतातच, शेवटी जवळ कोण होतं हो? मी म्हणते, मुलगा होता. "अन् तुम्ही?" ... आता काय सांगू? चांगलं चाललंय असं डॉक्टर म्हणत असताना मी नवऱ्याला सोडून साठ-सत्तर किलोमीटर लांब मांजराला जेवू घालायला आले होते, हे कोणत्या तोंडानं सांगू? मी आपली पदर सारखा करते आणि आत बिस्किटं आणायला जाते. तोंडानं सांगता येत नाही म्हणून लिहायला बसले.

आमचे हे अहमदपूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. नाव मी घेत नाही, सवय नाही. गल्ली त्यांना मापाडीकाका म्हणायची, तेवढं पुरे. तूर, सोयाबीन, हरभरा, जे येईल ते मापून देण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. पहिल्या मापाला हे लोक 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. काट्यावर आकडे आपोआप दिसायला लागले तरी ह्यांची मोठ्यानं म्हणायची सवय गेली नाही. घरात मात्र तोंडातून शब्द काढायला जड. सकाळी "येतो", संध्याकाळी "आलो", आणि मधल्या सगळ्याला "हाव". मी बोलणारी बाई, भडभड करणारी. लग्न झालं तेव्हा वाटलं, हा माणूस रागावलाय. वर्षभरानं कळलं, असाच आहे.

आमच्याकडं जेवणाची रीत सगळ्यांच्या घरी असते तीच. आधी सासरे, मग हे, मग पोर, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं आवरलं की मी. तव्यावरची गरम भाकरी दुसऱ्याच्या ताटात गेली पाहिजे, मग आपल्याला कशीही चालते. त्याचं मला काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. घरात पाच माणसं असली की शेवटी जेवणारीलाही सोबत असते, कुणी पाणी मागतं, कुणी भांडतं, कुणाचं काही हरवलेलं असतं. पण सासरे गेले, संतोष पुण्याला गेला, मग सासूबाई गेल्या आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. तेव्हा ते शेवटचं ताट मला खायला उठायला लागलं. ह्यांना वाढायचं, ह्यांचं झालं की ताट उचलायचं, आणि मग ओट्याखाली भुईवर बसून भिंतीकडं बघत चार घास गिळायचे. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातम्या लागलेल्या. किती तरी दिवस मी अर्धी भाकरी खाऊन उठले असेन. कुणाला कळलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतंच.

मांजरं मी आणली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पहिली राणी, ती यार्डातल्या गोदामातली. म्हातारी झाली, उंदीर धरवेनात, तेव्हा तिला हे पोत्यात घालून घरी घेऊन आले. चटकी तिच्यामागं आली. सरपंच हा भला थोरला पिवळा बोका गल्लीतलाच, आमंत्रण नसताना आला आणि घर आपलं असल्यासारखा राहिला. आणि भित्री कुणीतरी नाल्याकडेला टाकून दिली होती, मुठीएवढी. भांडं वाजलं तरी पलंगाखाली, कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली.

सुरुवातीला आम्ही चौघांना एका परातीत घालत होतो. माणसं पंगतीला बसतात तशी मांजरंही बसतील, असं आमचं डोकं! परात ठेवली की सरपंच मधोमध बसायचा, सगळं घशाखाली घालायचा आणि पायरीवर जाऊन ओकायचा. चटकी त्याच्या पायांतून ओढाओढी करायची, राणीला दात नव्हते म्हणून ती नुसतीच दूध चाटायची, आणि भित्री पलंगाखालून बघत राहायची. महिन्याभरात तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. मी म्हणाले, "अहो, ही मरती बघा." हे म्हणाले, "हाव." आणि आठ दिवस नुसते पलंगावर बसून मांजरांचं खाणं बघत राहिले.

मग एक दिवस आठवडी बाजारातून चार सारख्या वाट्या घेऊन आले. आणि घरात जी शिस्त लागली म्हणता! सरपंचची वाटी ओसरीवर, आणि तो बाहेर गेला की दार बंद. चटकीची धान्याच्या कोठीवर, उडी मारून जाणारी तीच एकटी. राणीची न्हाणीपाशी, तिला उड्या झेपत नव्हत्या, आणि तिची भाकरी आधी भिजवून ठेवलेली. भित्रीची कपाटामागं. सगळ्यांना एकाच वेळी वाढायचं, एकाला आधी आणि एकाला मागून असलं चालणार नाही. दूध-भाकरीचा काला, वर चिमूटभर सुकट. आणि चमच्यानं घालताना मोठ्यानं, "लाभ... दोन... तीन... चार." मग खांद्यावर टॉवेल टाकून हे घराच्या मधोमध उभे, कोण कुणाच्या वाटीकडं जातंय त्याच्यावर नजर ठेवून. दहा मिनिटं झाली की वाट्या उचलायच्या, उरलेलं काही ठेवायचं नाही, नाहीतर सरपंच परत घरभर फिरून सगळ्यांकडून वसूल करणार. दोन महिन्यांत भित्रीच्या अंगावर मांस आलं. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. मी म्हणायचे, गुडघे गेले म्हणून यार्ड सुटलं, पण माणसातला मापाडी काही सुटला नाही बाई!

हे सगळं नीट चाललेलं असताना दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हे जेवता जेवता म्हणाले, "भित्री काई नीट खाऊन न्हाई राहिली."

"खाती की. वाटी चाटून पुसून ठेवती."

"न्हाई. तिला मागून घालत जाऊ. सगळं निवांत झाल्यावर. अन् कुणीतरी जवळ बसाया लागतं, मगच खाती ती."

"कशावरून म्हणता?"

"मी बघितलंय की."

ह्यांनी बघितलंय म्हटल्यावर विषय संपला. त्या दिवसापासून सगळ्या मांजरांचं झालं, ह्यांचं झालं, हात धुतले की हे एक पोतं घडी करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टाकायचे, भित्रीची वाटी पुढ्यात ठेवायचे आणि खाली बसायचे. गुडघे कडाकडा वाजायचे. खुर्चीवरून उठताना "आई गं" करणारा माणूस मांजरासाठी भुईला बसायला लागला! तीच माझी जेवायची वेळ. ओट्याखाली मी ताट घेऊन, उंबऱ्याशी हे, आणि मधी भित्री. भित्रीचं खाऊन झालं तरी उठायचे नाहीत. म्हणायचे, "लगीच उठलं की बुजती ती." बसल्या बसल्या काहीबाही बोलायचे. शेपूत आज लसूण चांगला पडला. शेजारच्या पोरांनी पतंग आपल्या पत्र्यावर पाडलाय. माहूरला आपण कितव्या वर्षी गेलो होतो गं, संतोष कडेवर होता का चालत होता? मी सांगायचे, चालत होता, आणि अर्ध्या वाटेत बसला होता, तुम्हीच उचलला. "हाव, हाव," म्हणून हसायचे. आमचं एकोणचाळीस वर्षांत जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं त्या दोन वर्षांत झालं.

पण मला तेव्हा काय कळत होतं? मला आपला रागच यायचा. मांजराची एवढी काळजी! मी एकदा बोललेच, "जन्मात कधी माझ्या जेवणाजवळ बसला न्हाईत, अन् मांजराजवळ बरं बसता!" हे भित्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहेत.

ह्यांना दम लागायला लागला तेव्हा नांदेडला नेलं. घराची किल्ली शेजारच्या शबानाकडं दिली. ती शेजारच्यांची सून, दहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्याकडं घरच्यासारखी येणारी. चौघांच्या वाट्या कुठं, सुकट कशात, सगळं तिला सांगितलं आणि दहादा बजावलं की भित्रीजवळ पंधरा मिनिटं बसायचं, नाहीतर ती खायची नाही. दवाखान्यात दोन दिवस गेले, ह्यांचा दम कमी झाला, संतोषही पुण्याहून आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शबानाला फोन केला. "बसतीस ना गं भित्रीजवळ?" पलीकडं पोरांचा नुसता दंगा. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "... हाव काकू, बसते." त्या आवाजावरूनच मी ओळखलं, ही पोरगी बसत नाही. तिला तिची दोन लेकरं, सासू, घर. वाटी ठेवून जात असणार, आणि भित्री उपाशी.

मी ह्यांना म्हणाले, "मी चारच्या गाडीनं जाऊन येते. उद्या सकाळी परत."

"राहू दे. खाईल ती."

"खाईल कशी? तुम्हीच म्हणता ना, कुणी बसल्याबिगर खात न्हाई?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, आता काहीतरी सांगणार असं वाटलं, पण शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची माणसं डबा घेऊन आत आली आणि ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "नको जाऊ. बस हितंच." मी काय म्हणावं? म्हणाले, "तुम्हाला काय झालंय आता? संतोष हाय की जवळ. ते मुकं जनावर तिकडं उपाशी बसलंय." त्यांनी डोळे मिटले. मी पिशवी उचलली. नंतर फोन आला तो संतोषचा.

चौदावा झाला, पाहुणे पांगले. संतोष म्हणाला, आता एकटी राहू नको, पुण्याला चल. मांजरांची सोय लागत होती, तशी अडचण नव्हती. राणी आणि चटकीला शबाना ठेवून घेते म्हणाली, सरपंच तर सगळ्या गल्लीचाच. राहिली भित्री. तिच्याजवळ रोज कोण बसणार? संतोष वैतागला, "आई, एका मांजरासाठी तू हितं बसून राहणार?" मी म्हणाले, हाव, राहणार. त्याला मी कसं समजावून सांगू... ज्या मांजरापायी मी त्यांना शेवटच्या दिवशी 'बस' म्हणत असताना सोडून आले, ते मांजरच उपाशी मेलं तर मग मी आले कशासाठी होते? त्या एका गोष्टीवर मी तग धरून होते. रोज संध्याकाळी भित्रीची वाटी ठेवायची, पंधरा मिनिटं बसायचं, आणि मनाला सांगायचं की बघ, खाते की नाही, तू बसलीस म्हणून खाते.

मागच्या आठवड्यात मी संतोषशी फोनवर हेच बोलत होते, तेव्हा शबाना दारात उभी होती, हातात शिरखुर्म्याची वाटी. फोन ठेवला तर ती रडत होती. म्हणाली, "काकू, एक सांगू? रागवायचं न्हाई."

"बोल की."

"भित्रीला कुणी लागत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. ती वाटी ओट्यावर ठेवून माझ्यासमोर भुईला बसली. म्हणाली, "तुम्ही नांदेडला निघाले त्या दिवशी तुम्ही रिक्षात बसले, अन् काका कुलूप बघाया मागं राहिले ना, तेव्हा मला म्हणले, शबाना, भित्रीपाशी बसायची गरज न्हाई. वाटी ठेव अन् जा, ती गपागप खाती. फक्त काकूला बोलू नको. मी म्हणलं, मग काका, तुम्ही रोज कशाला बसता? तर हसले. म्हणले, तुझी काकू एकटीच जेवती न्हवं."

शबाना पुढं म्हणाली, "तुमचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले, काकू. काकांनी सांगितलं होतं म्हणून. मला काय म्हाईत तुम्ही तेवढ्यासाठी निघून येताल..." आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिचा काय दोष? तिला उठवलं, डोळे पुसले, घरी पाठवलं.

ती गेल्यावर मी काला केला. भित्रीची वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि बाहेर जाऊन खिडकीतून बघत उभी राहिले. भित्री आली, इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही, आणि दोन मिनिटांत वाटी लख्ख.

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! घरात कुणी नव्हतं, मी मोठमोठ्यानं भांडले. अहो, एक शब्द! दवाखान्यात एक शब्द बोलला असता, की मांजराला न्हाई, तुलाच पाहिजे होतं कुणी, तर मी हलले असते का तिथून? पेशंटची माणसं ऐकतील म्हणून गप्प बसलात? मरायच्या दारात माणसाला कसली लाज? तेहतीस वर्षं भर बाजारात ओरडून मापं घातली, आणि बायकोला एक गोष्ट सांगता आली नाही? भांडून भांडून घसा बसला. भित्री कधीच पलंगाखाली गेली होती.

मग रडूनबिडून झालं, चूळ भरली, आणि तेव्हा मला ते आठवलं. इतके दिवस कसं विसरले होते कोण जाणे. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं त्यानंतरची गोष्ट. मी भाकरी थापत होते, ह्यांचं ताट वाढलेलं होतं, आणि हे म्हणाले, "तुझंबी ताट घे की. संगंच बसू." मी एवढी हसले की तव्यावरची भाकरी करपली. म्हणाले, "या वयात हे काय सुचलं? नव्या नवरीवानी!" तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला बोलायची खोड. दुसऱ्या दिवशी नळावर मी सगळ्या बायांना सांगितलं, रंगवून सांगितलं, ह्यांच्यासारखा आवाज काढून. मग काय, चार दिवस जी ती विचारायची, "काय मापाडीणबाई, काल जेवले का संगं?" एकदा हे ओसरीवर चपला घालत होते, त्यांनी ऐकलं. मला ते दिसले होते. तरी मी हसतच होते. त्या रात्रीपासून हे मान खाली घालून जेवायला लागले, पुन्हा काही म्हणाले नाहीत. आणि त्याच महिन्यात भित्री काही नीट खाऊन राहिली नाही.

दवाखान्यात माणसं आली म्हणून ते गप्प बसले नाहीत. मी हसेन म्हणून गप्प बसले.

संतोष म्हणतो, आता तर पुण्याला यायला काही अडचण नाही. खरंच नाही. जाईन, बघू... अजून जीव होत नाही. सध्या बाकीच्या तिघांना वाढते, वाट्या उचलते, मग माझं ताट घेते. भित्रीची वाटी मागूनच ठेवते, उंबऱ्याशी. काल भाकरी मोडता मोडता तोंडातून निघून गेलं, "बसा की हो, माझं होईस्तोवर."

भित्रीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिचं खाऊन झालं होतं. ती उठली आणि बाहेर निघून गेली.